पाटीआधीचे वय

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. छत्रपती संभाजीनगरात सिडको, गारखेडा, बजाजनगर अशा कोणत्याही भागातील शिशुशाळेच्या फाटकाशी त्या दिवसांत सकाळी उभे राहिले, तर एकच दृश्य दिसते. तीन-सव्वातीन वर्षांचे मूल आईची ओढणी घट्ट धरून आकांत करीत असते. शाळेतील मावशी त्याची बोटे एकेक करून सोडवतात, फाटक लागते आणि आई डोळे पुसत रिक्षाकडे वळते. "आत गेलं की गप्प बसतं," असे तिला सांगितले जाते आणि बहुधा ते खरेही असते. ते गप्प का बसले, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते रमले म्हणून गप्प बसले, थकले म्हणून बसले, की रडण्याचा काही उपयोग नाही हे त्याला कळून चुकले म्हणून? या तीन शक्यतांचे अर्थ अगदी वेगळे आहेत. त्यांतली कोणती खरी ठरते, यावर त्या मुलाचे शाळेशी जुळणारे नाते पुष्कळ अंशी अवलंबून असते.

लहान मुलाचे वागणे ही त्याची भाषा असते. शब्द अपुरे असतात, म्हणून ते अंगाने बोलते. रडणे, चावणे, अंग टाकून देणे, कोपऱ्यात जाऊन बसणे, झालेली शू लपविणे हे सारे त्याचे सांगणेच होय. आईपासून दुरावताना वाटणारी भीती साधारण आठव्या महिन्यापासून दिसू लागते आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास हळूहळू ओसरते. म्हणजे नेमक्या ज्या वयात शाळेत पाठविले जाते, त्या वयात ही भीती काही मुलांत ओसरलेली असते, तर काहींत नसते. यात हट्ट नाही आणि लाडावलेपणही नाही. मूल खेळण्यात गुंतलेले पाहून आईने गुपचूप निघून जाणे हा आपल्याकडील सर्वमान्य उपाय. परंतु पाठ वळताच आई नाहीशी होऊ शकते, एवढेच त्यातून मूल शिकते आणि दुसऱ्या दिवशी अधिक घट्ट बिलगते. याउलट आई पहिले काही दिवस वर्गात बसली, रोज थोडी दूर सरकत गेली, निघताना सांगून निघाली आणि सांगितलेल्या वेळी परत आली, तर रडणे दोन दिवस अधिक चालेल, पण विश्वास तुटणार नाही.

ही समज परदेशातून आयात करावी लागेल, असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात ती कष्टाने कमावली गेली आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांनी वकिली सोडली आणि गुजरातने त्यांना मिशा असलेली आई म्हणून प्रेमाने ओळखले. राजकोटच्या बार्टन अध्यापिका महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाचा मान मिळालेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. परंतु ताराबाईंच्या कार्याचे खरे तेज दिसले ते १९४५ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले तेव्हा. वयाची पन्नाशी उलटलेली ही विदुषी मुंबई सोडून समुद्रकाठच्या एका खेड्यात गेली. अनुताई वाघ तेथेच त्यांच्या सोबत आल्या. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य पदरी पडलेल्या या स्त्रीने पुढची सारी हयात परक्यांच्या लेकरांसाठी वाहिली.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरीब वस्त्यांतील मुले येईनात. आली तरी टिकेनात. आजच्या एखाद्या संस्थाचालकाने पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असा शेरा मारून विषय संपविला असता. या दोघींनी मुलांच्या न येण्याचा अर्थ शोधला. मोठ्या बहिणीला धाकटे भावंड सांभाळायचे असते, आई मजुरीला गेलेली असते, अंगावर धड कपडा नसतो आणि नवी जागा, नवी माणसे यांची भीती वाटते. तेव्हा मुले शाळेत येत नसतील, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, असे ठरले. आज देशभर रूढ असलेल्या अंगणवाडी या शब्दाचा आणि कल्पनेचा उगम तेथला. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मादाम माँटेसरींची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे यांची साधने केली. हे सारे आधी मुलाकडे पाहणे आणि मग शाळा आखणे या एका क्रमातून घडले. आज हा क्रम उलटा झाला आहे.

संभाजीनगर हे गेल्या चार-पाच दशकांत कारखान्यांच्या आधाराने वाढलेले शहर. चिकलठाणा आणि वाळूजच्या वसाहतींनी बीड, जालना, परभणीकडच्या हजारो तरुण कुटुंबांना येथे आणले. दोन खोल्यांचे घर, पाळीची नोकरी, आजी-आजोबा गावाकडे, अंगण नाही आणि खाली उतरावे तर रस्त्यावर वाहने. मुलाला गुंतवून ठेवण्यासाठी हाताशी असतो तो मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी दिवसाला फार तर एक तास पडदा, आणि तोही जितका कमी तितका बरा, असे सांगितले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेही दोन वर्षांखालील मुलाला पडदा नको असेच म्हणणे आहे. पण पाळीवरून आलेला बाप झोपलेला असताना दहा बाय दहाच्या खोलीत मूल शांत ठेवायचे, तर त्या आईने काय करावे, याचे उत्तर नुसत्या उपदेशाने मिळत नाही. अशी आई तीन वर्षांच्या मुलासाठी शाळा शोधते, ती काही केवळ हौसेने नव्हे.

अडचण पुढे सुरू होते. शाळा चांगली की वाईट, हे पालक ज्या मापाने मोजतात, ते माप वहीचे असते. महिन्याभरात मुलाने काय लिहिले, कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे आली की नाही, शंभरपर्यंत आकडे म्हणतो की नाही, गृहपाठ देतात की नाही. गल्लीतल्या दोन खोल्यांत इंग्लिश स्कूल अशी पाटी लावणाऱ्याला हे माप पक्के ठाऊक असते. परिणामी जे वय मातीत, पाण्यात, गाण्यांत जायचे, ते ठिपके जोडण्यात जाते. सुशिक्षितांच्या वसाहतीतील हा हव्यास मग पाझरत मजूर वस्तीपर्यंत जातो आणि अंगणवाडीत खेळणारे मूल आईला मागे पडल्यासारखे वाटू लागते. भाषेचे आणखीच वेगळे. घरात मराठी बोलणारे मूल वर्गात शू लागल्याचे इंग्रजीत कसे सांगावे, हे न सुचल्याने जागीच ओले होते. बाईंच्या दृष्टीने तो शिस्तीचा प्रश्न असतो आणि मुलाच्या दृष्टीने तो आयुष्यातील पहिला जाहीर अपमान असतो.

लिहिण्याच्या घाईबद्दल शरीरशास्त्र काय सांगते, तेही पाहण्यासारखे आहे. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेच्या रूपात असतात आणि वर्षागणिक एकेक करून कठीण होत जातात. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या क्ष-किरण चित्रात त्यांतील जेमतेम तीन-चार स्पष्ट दिसतात. शेवटचे हाड नवव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान तयार होते. बोटांतील बारीक हालचालींवर ताबा त्याच क्रमाने येतो. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि अखेर बोटे. झोका घेणे, चढणे, चेंडू फेकणे, कणकेचा गोळा मळणे, शेंगा सोलणे, कागद फाडणे, मणी ओवणे ही लेखनाची खरी पूर्वतयारी आहे. ज्या मुलाने वर्षभर आजीसोबत वाटाणे सोलले, त्याचा हात पेन्सिल धरायला अधिक सिद्ध असतो. पेन्सिल मुठीत आवळून दुखऱ्या हाताने पान भरणारे मूल लिहायला शिकते खरे, पण त्याबरोबर लिहिण्याचा तिटकाराही शिकते. फिनलंडसारख्या देशात औपचारिक शाळा सातव्या वर्षी सुरू होते आणि तेथील मुले त्यामुळे निरक्षर राहिल्याचे ऐकिवात नाही.

वर्गातील ज्या वागण्याला खोडी म्हटले जाते, त्यातील बराच भाग वयाचाच असतो. दोन-अडीच वर्षांची मुले शेजारी बसून खेळतात, पण एकत्र खेळत नाहीत. मिळून खेळणे साधारण चौथ्या वर्षाच्या सुमारास जमू लागते. त्याआधी त्यांना वाटून घे म्हणून दटावणे म्हणजे चालता न येणाऱ्याला धाव म्हणण्यासारखे आहे. "माझं" हा शब्द त्या वयात स्वार्थाचा नसतो. आपण कोणीतरी वेगळे आहोत, हा शोध त्या शब्दातून व्यक्त होत असतो. दोन वर्षांचे मूल चावते, कारण रागाला पुरतील इतके शब्द त्याच्याकडे नसतात. चार वर्षांचे मूल वाघ पाहिल्याचे शपथेवर सांगते, तेव्हा ते खोटे बोलत नसते. कल्पना आणि वास्तव यांच्यातील कुंपण अजून पुरते उभे राहिलेले नसते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून बालबुद्धीचा अभ्यास मांडला. त्यांचा प्रसिद्ध प्रयोग कोणत्याही स्वयंपाकघरात करता येईल. पसरट भांड्यातील पाणी मुलासमोरच उंच पेल्यात ओतावे आणि पाणी वाढले का, असे विचारावे. पाच वर्षांचे मूल बहुधा वाढले म्हणेल, आठ वर्षांचे हसेल. पहिल्याला बुद्धी कमी नाही, त्याची बुद्धी त्याच्या वयाची आहे. अशा मुलाला वजाबाकी हातच्यासह शिकविण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हा पेला एकदा समोर ठेवून पाहावा.

मात्र सारेच वयाने बरे होते, असे म्हणून हात झटकणेही तितकेच घातक आहे. वर्षाचे होईतो मूल बडबडगोंधळ करीत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडता येत नसतील, किंवा येत असलेले बोलणे नाहीसे झाले असेल, तर "आमच्याकडे सगळे उशिरा बोलले" हा घरगुती दिलासा बाजूला ठेवून तपासणी करावी. कधी दोष केवळ ऐकण्यात असतो, कधी स्वमग्नतेसारखी स्थिती असते. जितके लवकर कळेल तितका उपाय अधिक लागू पडतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आणि विकासातील विलंब आढळल्यास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुढील उपचार अशी शासकीय व्यवस्था आहे. मध्यमवर्गीय घरांना तिची माहिती नसते आणि जेथे माहिती असते तेथे लोक काय म्हणतील, याचा धाक असतो.

आणि काही वेळा मुलाचे वागणे यापेक्षाही भयंकर गोष्ट सांगत असते. बदलापूरच्या शिशुवर्गातील दोन चिमुरड्यांवर झालेल्या अत्याचाराने २०२४ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र हादरला. तेथे घरच्यांना सावध करणाऱ्या खुणा होत्या त्या मुलीच्या दुखण्याच्या आणि शाळेत जाण्याच्या भीतीच्या. आवडीने शाळेत जाणारे मूल अकस्मात नकार देऊ लागले, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, विशिष्ट माणसाचे नाव निघताच ते गप्प झाले, तर आधी ऐकावे, समजूत नंतर घालावी. नाटके करू नकोस हे वाक्य ज्या घरात सहज उच्चारले जाते, त्या घरात मूल दुसऱ्यांदा सांगत नाही.

मुलाकडे पाहण्याची ही दृष्टी आई-बापांना देता येते, याचा एक अनुभव याच जिल्ह्यातला आहे. २०१८ च्या सुमारास यवतमाळ आणि तेव्हाचा औरंगाबाद या दोन जिल्ह्यांत 'आरंभ' हा उपक्रम सुरू झाला. राज्याची एकात्मिक बालविकास सेवा योजना, युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांचा तो संयुक्त प्रयत्न होता. अंगणवाडी सेविकेने घरी जावे आणि पोषणाबरोबर बाळाशी कसे बोलावे, खेळावे, त्याच्या खुणांना प्रतिसाद कसा द्यावा, हे आई-बापांना दाखवावे, असे त्याचे स्वरूप होते. गावोगावी पालक मेळावे भरले. बाळ दूध पिताना त्याच्या डोळ्यांत पाहणे, वरण ढवळताना त्याला वास आणि रंग सांगणे, वाटी-चमच्याचा आवाज करू देणे, यांत पैसा लागत नाही. बापाचे काम केवळ कमावण्याचे नाही, हेही तेथे सांगितले गेले. पुढे हा उपक्रम राज्यभर नेण्यात आला. मराठवाड्याच्या मागासलेपणाची तक्रार नेहमी ऐकू येते. येथे सुरू झालेली गोष्ट महाराष्ट्राने उचलली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

पण ज्या सेविकेच्या खांद्यावर हे सारे उभे आहे, तिची अवस्था काय? लसीकरण, आहारवाटप, वजन-उंची, गरोदर मातांच्या नोंदी, मोबाइलवरचे पोषण ट्रॅकर आणि मधूनच कोणते तरी सर्वेक्षण. यांतून मुलाशेजारी मांडी घालून बसायला उरते काय? मानधन आणि अन्य मागण्यांसाठी राज्यातील सेविका-मदतनीसांनी ४ डिसेंबर २०२३ पासून केलेला संप जानेवारी २०२४ पर्यंत लांबला, तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती आहार बंद पडल्याची. शिक्षण बंद पडले, असे फारसे कोणाला वाटले नाही. अंगणवाडीत शिक्षण होते, हे समाजाने अजून मनावर घेतलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. खासगी शिशुशाळांचे चित्र निराळ्या कारणाने चिंताजनक आहे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा या वयोगटाचा आहे. तीन ते सहा वर्षांबाबत त्याच्या अकराव्या कलमात शासनाने व्यवस्था करावी एवढाच मोघम निर्देश आहे. प्रा. राम जोशी समितीने बालशिक्षणावर १९९६ मध्ये अहवाल दिला, तरी त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ राज्यात कोणीही, कोठेही, कसल्याही प्रशिक्षणाविना शिशुशाळा थाटू शकत होते. २०२५ मध्ये शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना संकेतस्थळावर नोंदणी करण्यास सांगितले, हे योग्यच झाले. परंतु नोंदणी म्हणजे नियमन नव्हे. किती मुलांमागे किती शिक्षिका, त्यांचे प्रशिक्षण कोणते, खेळायला जागा किती, लेखी परीक्षा आणि मुलाखतींना बंदी आहे की नाही, हे कायद्याने ठरले पाहिजे आणि ते तपासणारा माणूस वर्षातून एकदा तरी फाटकाच्या आत गेला पाहिजे. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, हा २०२४ मधील निर्णय मुलांच्या झोपेच्या हिताचा होता. तोही रिक्षा आणि दोन सत्रांच्या सोयीपुढे अनेक ठिकाणी नमला.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आणि खेळ हे त्याचे माध्यम ठरविले. २०२२ च्या त्यासंबंधीच्या अभ्यासक्रम आराखड्यात तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांची कल्पना घेतली आहे, याचे स्वागत झाले. परंतु त्या कल्पनेतील क्रम नीट पाहावा. अन्नमय कोश पहिला, प्राणमय दुसरा. शरीर, आहार, हालचाल, श्वास हे आधी आणि बुद्धीचा कोश त्यानंतर. वस्त्यांत संस्कारवर्ग आणि बालवाड्या चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनीही या आरशात एकदा पाहायला हवे. चार वर्षांच्या मुलांना हाताची घडी घालून अर्धा तास बसविणे, संमेलनात टाळ्या मिळाव्यात म्हणून अर्थ न कळणारे श्लोक महिनाभर घोकवून घेणे, न म्हणणाऱ्याला मागच्या रांगेत धाडणे हे प्रकार निष्ठावान माणसांच्या हातूनही घडतात. वहीचा हव्यास आणि पाठांतराचा हव्यास यांत मुलाच्या दृष्टीने फरक नाही. पहिली पाच वर्षे लाडाची, असे सांगणारे जुने सुभाषित आपल्याकडे पुष्कळांना पाठ असते. गंमत अशी, की आठवण नेहमी त्याच्या पुढील चरणातील ताडनाची निघते. लय, ठेका, अभिनय, गोष्ट यांतून श्लोकही मुलाच्या अंगात उतरतो, पण त्यासाठी मुलाने उठून नाचायला बाईंची हरकत नसावी लागते.

पुढच्या जूनसाठी शाळा शोधणाऱ्या आई-बापांची संख्या शहरात मोठी आहे. प्रवेशाच्या टेबलापाशी शुल्क, गणवेश आणि वातानुकूलित वर्ग यांची चौकशी होईलच. त्याच वेळी आणखी थोडे विचारावे. पहिल्या आठवड्यात आईला वर्गात बसू देता का? शू लागल्याचे मुलाने मराठीत सांगितले तर चालेल का? एका बाईंकडे मुले किती? अंगणात माती आहे का? चावणाऱ्या मुलाचे तुम्ही काय करता? शेवटच्या प्रश्नाला बाई जे उत्तर देतील, ते नीट ऐकावे आणि मगच अर्ज भरावा.